चौथ्या चौकोनातली लाथ

हिंमत डॉक्टर माझ्या दुकानात पहिल्यांदा आले ते रक्त गाळत आले.

शहाद्याला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत माझं झेरॉक्सचं दुकान आहे. लॅमिनेशन, ऑनलाइन फॉर्म, स्कॅन, असली किरकोळ कामं. त्या दिवशी सातबाऱ्याच्या झेरॉक्ससाठी चार-पाच जण उभे होते. दारातून एक धिप्पाड गृहस्थ आत आला. उजव्या हाताला बांधलेला टॉवेल लाल झालेला आणि त्यातून टपटप गळतंय. डाव्या हातात कागदाची गुंडाळी. सातबारावाले भिंतीला पाली चिकटाव्या तसे चिकटले.

"हाई स्कॅन करी दे," गृहस्थ म्हणाला.

मी म्हटलं, "अहो, आधी दवाखान्यात जा!"

"दवाखाना पळी जाई ऱ्हायना का? टाके मंग घालता येतीन. कर लवकर."

सारंगखेड्याची यात्रा भरली होती. गृहस्थ जनावरांचे सरकारी डॉक्टर. एका व्यापाऱ्यानं म्हातारा घोडा तरणा म्हणून विकायला काढलेला. डॉक्टरांनी दात बघायला तोंडात हात घातला आणि घोड्यानं तोंड मिटलं. हात सुटल्यावर हा माणूस तिथेच गाडीच्या बॉनेटवर कागद पसरून चित्र काढायला बसला. बरं की डावखुरा होता.

मी कागद उलगडला. चार चौकोन. पहिल्यात एक गिऱ्हाईक घोड्याचं तोंड उघडतंय. दुसऱ्यात म्हणतंय, 'दात ते चांगला शेतस.' तिसऱ्यात घोडा म्हणतोय, 'तुन्हा बी दखाड.' चौथ्यात घोड्यानं अशी लाथ घातलीय की गिऱ्हाईक तापीच्या पुलावरून पलीकडे चाललंय आणि त्याचे दात वेगळ्या वाटेनं चाललेत. समोर माणूस रक्तबंबाळ उभा आणि मी काउंटरला धरून हसतोय!

डॉक्टरांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "आवडनं?"

"आवडलं."

"मंग ठीक. नही ते दुकान फोडनार व्हतू."

ते खरोखरच फोडणार होते, हे मला पुढे कळलं.

स्कॅनरच्या काचेवर त्यांच्या रक्ताचा एक थेंब पडला होता आणि तो चित्रात उमटला. दर सोमवारी फोनवर वाचायची चित्रकथा त्यांनी त्या दिवसापासून सुरू केली. तिचं नाव 'लाथ'. ते नाव आणि ते खातं दोन्ही माझ्याच दुकानात जन्मलं. सुरतेला गेलेल्या आपल्या लोकांनी ती उचलून धरली. ज्यांना अहिराणी ऐकायला मिळत नव्हती ते अहिराणी वाचून, चौथ्या चौकोनाशी येऊन, कारखान्याच्या जिन्यात बसून हसायचे. पहिल्या चित्रातला लाल ठिपका डॉक्टरांनी मुद्दाम रंगवला, असा त्यांचा समज होता. मी तो कधी मोडला नाही.

डॉक्टरांचं शरीर हे तालुक्यातल्या जनावरांनी सह्या केलेलं रजिस्टर होतं. डाव्या करंगळीचं टोक एका डुकरिणीनं नेलेलं. नाक म्हशीच्या शिंगानं वाकवलेलं. एका खेचरानं गुडघा असा बसवून दिला होता की डॉक्टर चालताना प्रत्येक दुसरं पाऊल जमिनीवर सूड उगवल्यासारखं टाकत. या सगळ्या जखमा ते मोठ्या कौतुकानं दाखवत. "हाई प्रकाशा गावनी म्हैस. भलती गुणनी." जनावरावर त्यांनी कधी राग धरला नाही. सगळा राग त्यांनी माणसांसाठी राखून ठेवला होता.

म्हातारा बैल चपळ दिसावा म्हणून काही व्यापारी एक किळसवाणा प्रकार करतात. शेपटीखाली मिरचीपूड लावतात. बिचारं जनावर उड्या मारतं आणि गिऱ्हाइकाला वाटतं, काय तेज आहे! बैलबाजारात डॉक्टरांनी एकाला हे करताना पाहिलं. मी शेजारीच होतो, मला हाताला धरून ते मुद्दाम 'मॉडेल दाखवायला' घेऊन जात. डॉक्टरांनी व्यापाऱ्याच्या हातातली पुडी घेतली, त्याचा पायजमा मागून दोन बोटांनी ताणला, पुडी आत रिकामी केली आणि नाडी घट्ट ओढून गाठ मारली. आमच्या नंदुरबारची मिरची, मंडळी. ती अंगणात नुसती वाळत घातली तरी गल्ली शिंकते. व्यापारी जो उधळला, तो दावणीला बांधलेल्या म्हशींच्या अंगावरून, गुळाच्या ढेपांतून, चहाची टपरी आडवी करत गेला. मागे डॉक्टर दोन्ही हात वर करून ओरडताहेत, "देखा, देखा! काय तेज शे! दोन दाती तरना शे! कोन लेस?"

लिलावात बोलीही लागली. नंतर व्यापाऱ्याच्या भावांनी डॉक्टरांना बेदम मारलं, तो भाग वेगळा. फुटलेल्या ओठानं ते सोमवारचं चित्र घेऊन आले, तेव्हा मी विचारलं, "कशाला एवढं?"

"शेठ, ऐक. दुसराले लागनं म्हणजे हासू येस. आपले लागनं म्हणजे अक्कल येस. दोन्ही पाहिजे. मी बाजारले दोन्ही दिधं."

विनोदाबद्दल त्यांचं एवढंच शास्त्र होतं. लाथ हवी. चौथ्या चौकोनात कुणीतरी उताणं पडलंच पाहिजे. मी एकदा सुचवलं की एखाद्या सोमवारी लाथ चुकवून पाहा, वाचक चकित होतील. त्यांनी माझं स्टेपलर भिंतीवर फेकलं. तिथला पोपडा अजून उडालेला आहे.

आणि टीका? टीका त्यांना चालायची, समोरासमोर आली तर. सुरतेच्या उधन्यातून एकानं चित्राखाली लिहिलं, 'चौथा चौकोनमा काय ऱ्हास ते आते पाठ व्हई गयं. बोर.' डॉक्टरांनी ते माझ्याच फोनवर वाचलं. पुन्हा वाचलं. मग म्हणाले, "सुरतनी गाडी कव्हय शे?"

मला वाटलं गंमत. दुसऱ्या दिवशी हा माणूस नंदुरबारहून पॅसेंजरनं उधन्याला गेला. टीकाकार साड्यांच्या कारखान्यात होता. डॉक्टरांनी त्याला बाहेर बोलावलं, नाव विचारून खात्री केली आणि त्याच्या कानाखाली आवाज काढला. टीकाकारही आपलाच, धडगाव-तळोद्याकडचा. त्यानं डॉक्टरांना उचलून साड्यांच्या गाठोड्यावर आपटलं. दोघं रंगीत ढिगात लोळत होते आणि वरून कामगार ओरडत होते, कुणी डॉक्टरांच्या बाजूनं, कुणी वाचकाच्या. शेवटी दोघांनाही धाप लागली. टीकाकार म्हणाला, "डॉक्टर, हाई जे आते जयं, याले हासू उनं माले. कारन माहीत नव्हतं तुम्ही येशात."

डॉक्टर एक दात कमी घेऊन परतले. पण ते वाक्य त्यांच्या डोक्यात काट्यासारखं रुतलं होतं हे मला दिसत होतं. त्या सोमवारी त्यांनी लाथ तिसऱ्याच चौकोनात घातली. चौथ्यात फक्त धूळ दाखवली.

आता सोनल. खरी मारामारी इथून सुरू होते.

सोनल ही डॉक्टरांची एकुलती मुलगी. नाशिकला ग्राफिकचं शिकून आली आणि घरी बसून बाहेरच्या कंपन्यांची कामं करायची. उंच, बारीक, बोलायला हळू. लोक म्हणत आईवर गेलीय. लोकांनी तिला रागावलेली पाहिली नव्हती.

एका दुपारी ती स्टिकर छापून घ्यायला आली. स्टिकरवर एक बिबट्या होता. म्हणजे बिबटीण. दोन पायांवर उभी, गळ्यात ओढणी, हातात चहाचा कप, मागे उसाचं शेत. डोळे असे की बघणाऱ्यानं तिची विचारपूस करावी.

"ही कोण गं?"

"ही रेवा, काका. माझी वेबकॉमिक आहे. आणि खरं सांगू? ही मीच आहे. म्हणजे मी बिबट्या असते तर जशी असते तशी."

मग तिनं मला समजावून सांगितलं. जगभर अशी माणसं आहेत म्हणे. दोन पायांवर चालणारी, कपडे घालणारी, माणसासारखी बोलणारी जनावरं ज्यांना आवडतात ती. त्यांना फरी म्हणतात. प्रत्येकाचं आपापलं जनावर असतं. कुणी लांडगा, कुणी कोल्हा, कुणी ससा. ते त्याची चित्रं काढतात, गोष्टी लिहितात, आणि ज्यांना जमतं ते अख्खा केसाळ पोशाख शिवतात, डोक्यासकट. कुठे कुठे जमतात, पोशाख घालून हिंडतात, नाचतात. पुण्यालाही जमणार होते. सोनलनं बिबट्याचा पोशाख शिवायला घेतला होता.

मला हे इतकं आवडलं की मी विचारलं, "माझ्यासाठी कुठलं जनावर?" ती विचार करून म्हणाली, "मुंगूस." मी अजून ठरवलेलं नाही की राग मानावा की नाही.

तेवढ्यात मागून सावली पडली. डॉक्टर होते, सोमवारचं चित्र घेऊन. त्यांनी स्टिकर उचललं. मग माझ्या स्क्रीनवर उघडलेली रेवाची गोष्ट वाचली. गोष्ट अशी: रेवाला उसाच्या राखणदाराला 'राम राम' म्हणायचंय. पहिल्या चौकोनात ती सराव करते. दुसऱ्यात करते. तिसऱ्यात धीर करून बाहेर येते. चौथ्यात राखणदार घरी गेलेला आहे. बाज रिकामी आहे आणि ती बाजेला म्हणते, 'राम राम.'

डॉक्टरांनी स्क्रीन बोटानं खाली सरकवून पाहिली. आणखी काही आहे का म्हणून.

"मंग? लाथ कोठे शे?"

"लाथ नाहीये, आप्पा."

"राखनदारले खादं का हिनी?"

"नाही."

"मंग हासानं कोठे?"

"हसायचं नाहीच. वाचून थोडं बरं वाटायचं."

"बरं वाटाले गोळी ऱ्हास!" डॉक्टर गरजले. "बिबट्या शे हाऊ! मी बिबट्यानं फाडेल वासरू शिवेल शे. आतडं हातमा धरी शिवेल शे. तो काय चहा पेस? ओढनी लेस? तुम्हले जनावर आवडस नही, तुम्हले जनावरनं कातडं आवडस! ज्याले एक डाव चावी लिधं ना, तो असा खेळ करत नही."

आणि त्यांनी स्टिकरचा गठ्ठा टराटरा फाडला.

मला वाटलं पोरगी रडेल. सोनलनं शांतपणे काउंटरवरची डॉक्टरांची गुंडाळी उचलली, सोमवारचं ओरिजिनल चित्र, आणि त्याचे तेवढेच तुकडे केले. मग माझ्याकडे वळून "काका, कचरा झाला, सॉरी" म्हणाली आणि निघून गेली. पोरगी आईवर गेलीय म्हणणाऱ्या लोकांना मी नंतर गाठून गाठून ही गोष्ट सांगितली.

त्या घरात मग युद्ध पेटलं. मंदावहिनी, म्हणजे डॉक्टरांच्या पत्नी, सकाळी दुधाला जाता-येता मला बातम्या द्यायच्या. "काल ताट फेकलं." "काल हिनं पाण्याचा हंडा ओतला अंगावर, झोपेत." "काल दोघं जेवायला बसले आणि भाकरीवरून झोंबले." मी हळहळलो की म्हणायच्या, "दोन बिबटे पाळेल शेतस, भाऊ. मी पिंजराले बाहेरून कडी लावी देस आनि भजनले जास."

डॉक्टरांनी 'लाथ'मध्ये एक गाढव आणलं. ते गाढव दर आठवड्याला ओढणीवाल्या बिबटिणीला लाथ घालू लागलं. सोनलच्या फरी मित्रांनी ते पाहिलं. कुठून कुठून आले ते! कुणी बंगळुरूचा लांडगा, कुणी गुवाहाटीची खार, कुणी तर समुद्रापलीकडचे. चित्राखाली निषेधाचा पूर आला. आमचे सुरतवाले पेटून उठले. त्यांना प्रकार कळला नव्हता, पण डॉक्टरांवर कुणी चालून आलंय एवढं पुरेसं होतं. अहिराणी शिव्या आणि परदेशी नम्रता यांची अशी तुंबळ लढाई मी पुन्हा पाहिली नाही. एका परदेशी सशानं विचारलं, 'या शब्दाचा अर्थ काय?' उधन्याच्या टीकाकारानं त्याला अर्थ चित्र काढून समजावला.

त्या भांडणात सोनल एकदाच बोलली. चित्राखाली नाही, घरी, जेवताना. मी तिथे होतो, मंदावहिनींनी मांडे केले म्हणून बोलावलं होतं. ती म्हणाली, "आप्पा, तुमच्या चौथ्या चौकोनात जो उताणा पडतो, तो पाचव्यात कुठे जातो?"

"पाचवा चौकोन नही ऱ्हास."

"तुमच्यात नसतो. माझी गोष्ट तिथून सुरू होते."

अर्थातच डॉक्टरांनी वाटी फेकली. खिरीची. माझ्या शर्टावर बसली.

"आणि जनावर होण्याचं म्हणाल," सोनल पुढे म्हणाली, "तर काठी गावच्या होळीला माणसं अस्वल होतात, तेव्हा तुम्ही पहिल्या रांगेत उभे असता!"

"तो नवस ऱ्हास! देवना काम शे! तुन्हा काय नवस शे?"

ती ताटातला मांडा मोडत म्हणाली, "मला लोकांत नीट बोलता येत नाही, आप्पा. ते डोकं घातलं की येतं."

मला वाटलं आता काहीतरी निवेल. डॉक्टर उठले, हात न धुताच बाहेर गेले.

होळी तोंडावर आलेली असताना पोशाख पूर्ण झाला. त्याच सकाळी डॉक्टरांनी बिबट्याचं डोकं अंगणात फेकलं आणि त्यावर रॉकेलचा डबा उलटा केला. सोनल येऊन त्या डोक्यावर पालथी पडली. "लावा काडी. मला पण लावा." डॉक्टरांच्या हातात काडेपेटी होती. मंदावहिनी सांगत होत्या, काडी ओढलीही होती. ती बोटापर्यंत जळत आली, बोट भाजलं, आणि त्यांनी टाकून दिली. मग म्हणाले, "हाई मुंडकं या घरमा ऱ्हाईन नही ते मी ऱ्हासू."

"दोघंही राहा," सोनल म्हणाली. "मी उद्या पुण्याला चाललेय. परत येणार नाही."

हे मला दुपारी कळलं, डॉक्टरांकडूनच. दुकानात येऊन स्टुलावर बसले. चित्र आणलं नव्हतं. पंख्याकडे बघत म्हणाले, "जाई ऱ्हायनी ती." मी चहा मागवला. चहा यायच्या आधी त्यांचा फोन वाजला.

नदीकाठच्या गावातून अंबालाल पाटील बोलत होते. मोठे केळीवाले. त्या वर्षी बिबट्यानं त्यांची दोन वासरं नेली होती आणि एका ऊसतोड मजुराच्या बायकोची मांडी फाडली होती. संध्याकाळनंतर माणसं डबे वाजवत शेतातून जात. फोनमधून गलका ऐकू येत होता.

"डॉक्टर! बिबट्या घेरी लिधा! उसना बांधवर शे. गुंगीनं इंजेक्शन लिसन या, नही ते पोरं मारी टाकतीन!"

डॉक्टरांनी वनखात्याला फोन लावला, पेटी उचलली, आणि आम्ही माझ्या मोटरसायकलवर निघालो. चालवत मीच होतो. डॉक्टरांना शिव्या द्यायला दोन्ही हात मोकळे लागत.

आम्ही पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. पन्नासेक माणसं बांधाला कडं करून उभी. काठ्या, कोयते, फावडी. मध्ये उसाला पाठ लावून पिवळं, ठिपक्यांचं काहीतरी आखडून बसलं होतं. शेपटी चिखलात. पलीकडे एका काठीला मोबाइल बांधलेला होता, आणि तो कुणाचा हे कुणी विचारलं नव्हतं. सोनलला जाण्याआधी रेवाचे फोटो हवे होते, रेवाच्याच उसात. ती एकटीच आली होती.

दगड चालू होते. एक पाठीवर बसला. एक डोक्यावर. आतून ती ओरडत होती, पण त्या जाड फोमच्या डोक्यातून बाहेर येताना तिचा आवाज नुसती घरघर होत होता, आणि घरघर ऐकून लोक आणखी जोरानं मारत होते. डोकं काढायला जावं तर पंजे जाडजूड. गळ्याखालचा पट्टा बोटांत येईना. पंजा गळ्याशी गेला की लोक ओरडत, "उडी मारी, उडी मारी!"

डॉक्टरांनी सकाळी ज्यावर रॉकेल ओतलं होतं ते डोकं ओळखलं.

त्यांच्या घशातून जो आवाज निघाला तो मी माणसाचा म्हणून सांगू शकत नाही. पेटी टाकली. जनावरं बांधायचं दावं खांद्यावर होतं, ते हातात आलं. पहिला फटका ज्याच्या हातात कोयता होता त्याच्या तोंडावर. दुसरा शेजारच्याच्या कानावर. मग मोजदाद संपली. दावं फिरत होतं आणि माणसं केळीच्या घडासारखी पडत होती. कुणाची काठी हिसकावून त्याच्याच नडगीवर मोडली. मागून कुणीतरी त्यांच्या डोक्यात फावड्याचा दांडा घातला. त्यांनी वळून त्याला डोक्यानंच धडक दिली आणि दोघांच्याही कपाळातून रक्त उडालं. मीही एकाला मागून धरलं होतं, पण तो मलाच ओढत नेऊ लागला म्हणून सोडून दिलं.

अंबालाल पाटलांचा हात वर गेला होता, त्यात वीट होती. डॉक्टरांचं दावं तेव्हा कुणाच्या तरी पायात अडकलेलं. त्यांनी सरळ पाटलांचं मनगट तोंडात धरलं आणि चावले. आयुष्यभर जनावरांकडून चावून घेतलेल्या माणसानं सगळी परतफेड एका मनगटात केली. वीट खाली पडली.

"डॉक्टर! बिबट्या तठे शे, मी पाटील शे!"

"मन्ही आंडेर शे ती!" डॉक्टर पाटलांचं मनगट सोडून ओरडले. तोंडाला रक्त. "कोन मारा दगड? आते मारा! मन्ही पोर शे!"

कडं एकदम ढिलं पडलं. डॉक्टर त्या ठिपक्यांवर ओणवे झाले, स्वतःचं पूर्ण अंग तिच्यावर पसरून, जणू अजून दगड येतायत. पट्टा सुटेना तेव्हा दातांनी तोडला. डोकं निघालं. आत सोनल, घामानं निथळलेली, कपाळाला टेंगूळ, कानामागे रक्ताची रेघ. त्या बोटभर जाड फोमनं बाकी सगळं स्वतःवर घेतलं होतं.

मग डॉक्टरांनी तिच्या पाठीत एक धपाटा घातला. तिनं पंजा उगारून त्यांच्या कानाखाली दिली. मऊ पंजा, पण दिली. आणि मग दोघंही चिखलात बसून असे रडले की कोयतेवाल्यांनी कोयते पाठीमागे लपवले.

पाटील मनगट धरून माझ्याजवळ आले. हळूच म्हणाले, "भाऊ, माले आते कुत्रानं इंजेक्शन लेनं पडीन का?"

दुसऱ्या दिवशी मी घरी गेलो. सोनलच्या कानामागे दवाखान्यात दोन टाके पडले होते आणि ती बाजेवर पडून होती. डॉक्टर ओसरीवर मांडी घालून बसले होते. मांडीवर बिबट्याचं डोकं. त्याचा एक कान दगडानं फाटून लोंबत होता. डॉक्टर वाकड्या सुईनं, ज्या दोऱ्यानं ते म्हशी शिवत त्या दोऱ्यानं, तो शिवत होते. केस बाजूला सारून, कडा जुळवून, एकेक गाठ.

"आप्पा, टाके दिसताहेत," सोनल आतून म्हणाली. "लपवायला पाहिजेत."

"काबरं लपाडू? बिबट्याना अंगवर मारामारीन्या खुना ऱ्हातस. बिनखुननं जे शे ते खेळनं." त्यांनी दोरा दातानं तोडला. "आनि एक सांगस. तुन्हं चित्र देखं मी, सकाळे. सगळा देखात, पहिलाथून. माले हासू उनं नही."

"बरं."

"एकबी ठिकानी उनं नही."

"कळलं, आप्पा."

"फक्त त्या बाजले 'राम राम' करस ना ती... तठे गळामा काय तरी अडकनं." असं म्हणून त्यांनी इतक्या जोरानं माझ्या मांडीवर बुक्की मारली की मला ती आठवडाभर जाणवली. "तू काय देखस दात काढीसन?"

त्याच महिन्यात त्यांची बदली झाली, पार डोंगरापलीकडे, अक्कलकुव्याच्या वरच्या अंगाला. बदलीचं कारण पाटलांचं मनगट असावं, असं लोक म्हणतात. निरोप समारंभ ठरला होता. डॉक्टर आले नाहीत. पुण्याच्या फरी लोकांच्या जमण्याची तारीख दुसऱ्याच दिवशी होती.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते ट्रॅव्हल्सच्या बसजवळ. सोनल खिडकीत बसली होती. खाली डॉक्टर आणि बसचा क्लीनर. क्लीनर म्हणत होता सामान डिक्कीत टाका, डॉक्टर म्हणत होते आधी तुला डिक्कीत टाकतो. भोवती गर्दी. त्यांनी क्लीनरची गचांडी धरून त्याला डिक्कीच्या तोंडापर्यंत नेलाही होता. मी हाक मारली, पण त्या कालव्यात ऐकू गेली नाही. शेवटी क्लीनरनं हात जोडले आणि डॉक्टर सामान घेऊनच बसमध्ये चढले.

बस सुटली. दुसऱ्या खिडकीतून मला ते दिसले. मांडीवर ते भलंमोठं ठिपक्यांचं डोकं, शिवलेला कान वर. शेजारच्या सीटवरचा कुणी प्रवासी पेंगून त्या डोक्यावर कलला होता. डॉक्टरांनी एका हातानं बिबट्याच्या कानावर आडोसा धरला आणि दुसऱ्या हातानं त्या माणसाच्या टाळक्यात सणसणीत टपली हाणली.